पुढच्या वर्षात घेणे

विभागाचा वार्षिक अहवाल मला आज पाच वाजेपर्यंत पाठवायचा आहे. विद्यापीठाच्या हिंगोली उपकेंद्रातला आमचा राज्यशास्त्र विभाग म्हणजे तीन खोल्या, अडीच प्राध्यापक (अर्धा तासिका तत्त्वावरचा) आणि यशाची भली मोठी हाव. नऊ वर्षं मी विभागप्रमुख आहे आणि अहवाल लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. चार पोरांसमोर झालेल्या भाषणाची मी व्याख्यानमाला केली आहे. मुलं उत्पन्नाचा दाखला काढायला सेनगावच्या तहसीलमध्ये गेली, तर त्याची क्षेत्रभेट केली आहे. हसू नका, सगळेच करतात.

यंदाचं वर्ष मात्र खरंच चांगलं गेलं. एक मुलगा सेट पास झाला, कय्युम सरांचं पुस्तक आलं, दोन परिसंवाद झाले. सहा ओळी भराभर लिहून झाल्या. सातव्या ओळीपाशी मी सकाळपासून अडून बसलो आहे. पीएच.डी. मिळवलेले विद्यार्थी: एक. नाव: करुणा.

करुणा आमच्या शिपायाची, सोनाजीमामांची मुलगी. मामा एकतीस वर्षं आमच्याकडे होते, पुसेगावहून रोज मोटारसायकलवर यायचे. पीएच.डी.च्या प्रत्येक व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, मांडामांड त्यांचीच. परीक्षकांच्या टेबलावर हिरवं कापड, ताटात शाल, नारळ, हार. आमच्याकडे व्हायवा खुली असते, नातेवाईक येऊन मागे बसतात. परीक्षकांनी पदवीची शिफारस केली की आईबाप पेढे वाटायला उठतात, आणि तेव्हा मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे असतात. अशा चौदा व्हायवा त्यांनी दारातून पाहिल्या.

करुणाचा विषय होता जिल्ह्यातल्या महिला सरपंच. गावात गेलं की सरपंचबाईंच्या आधी त्यांचे यजमानच उत्तरं द्यायला सरसावून बसायचे. मामांनी त्यावर उपाय काढला. रविवारी लेकीला गाडीवर घेऊन जायचे आणि तिनं वही उघडली की यजमानांना म्हणायचे, चला पाटील, जरा वावर दाखवा तुमचं. मग हळदीचा भाव, बोअरचं पाणी, जावयाची नोकरी, असं तासभर माणसाला बांधावर गुंतवून ठेवायचे. त्रेसष्ट मुलाखती अशा झाल्या. प्रबंधात मार्गदर्शक म्हणून माझं नाव छापलेलं पाहून मला जराशी लाज वाटली होती, ती मी लगेच विसरलो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये परीक्षकांचे अहवाल आले. दोन्ही उत्तम. आता व्हायवाची तारीख काढायची, एवढंच माझ्या हातात होतं. आणि इथे माझं डोकं चाललं. त्या वर्षात आमच्या दोन पीएच.डी. आधीच झाल्या होत्या. पुढच्या वर्षी दाखवायला एकही नव्हती. विभागाच्या मूल्यांकनाला समिती येते ती सातत्य बघते. एका वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी भोपळा हे तिला चालत नाही. आमचं वर्ष एक जुलैला सुरू होतं. म्हणून मी फाइलवर पेन्सिलीनं लिहिलं, 'पुढच्या वर्षात घेणे', आणि मामांना हाक मारून फाइल कपाटात ठेवायला सांगितली. त्यांनी ती ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून दिली.

करुणाला मी सांगितलं की परीक्षकांच्या तारखा जुळत नाहीत, जुलैत घेऊ. ती उभी राहिली. काही विचारायचं असलं की ती अशीच उभी राहायची.

"सर, बाबांना जिना चढताना दम लागून राहिला. लवकर झालं असतं तर बरं होतं."

"अगं, तीन महिन्यांनी काय बिघडतं?" मी म्हणालो.

मामा तर उलट खूश झाले. एकतीस मेला ते निवृत्त होणार होते. मला म्हणाले, "बरंच झालं सर. आता असती तं मला चहा द्यावा लागला असता. जुलैत मी पाव्हना म्हनून येईन, खुर्चीवर बसून ऐकीन." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्चीही ठरवली, तिसऱ्या रांगेतली, खिडकीजवळची. तिचा एक पाय हलत होता. घरून पाना आणून त्यांनी तो आवळला आणि दोनदा बसून पाहिलं. कय्युम सरांनी त्यांची चेष्टा केली की मामा, दुल्हन का बाप आत्तापासून नटून बसला. मामा लाजले. पांढऱ्या शर्टाचं कापडही घेऊन ठेवल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं.

निरोप समारंभात मी त्यांच्यावर छान बोललो. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, सकाळी अंगणात दाढी करताना मामा गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि आरसा हातात धरूनच खाली बसले, असं मनकर्णाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, मला सांगितलं. शिंप्याकडून शर्ट त्याच आठवड्यात आला होता. तोच घालून त्यांना नेलं.

व्हायवा आठ जुलैला ठरली होती. मी पुसेगावला जाऊन करुणाला म्हणालो, पुढे ढकलू, ऑगस्टमध्ये घेऊ, सप्टेंबरमध्ये घेऊ, तू म्हणशील तेव्हा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कशाला थांबायचं, सर?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला परत येताना गाडी चालवणं सोपं गेलं असतं.

आठ जुलैला ती बोलली तसं आमच्या विभागात कुणी बोललेलं नाही. बाहेरचे परीक्षक म्हणाले, या सगळ्या बायका एवढ्या मोकळेपणानं कशा बोलल्या तुमच्याशी? करुणा म्हणाली, माझे वडील त्यांच्या नवऱ्यांना शेतात घेऊन जायचे. सगळे हसले. मनकर्णाबाईही हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. टाळ्या झाल्या, पेढे झाले. चहा कँटीनच्या माणसानं आणला, तो गार होता.

सगळे गेल्यावर मी परत खोलीत आलो तर करुणा टेबलावरचं हिरवं कापड काढून त्याची घडी घालत होती, बापासारखीच, आधी उभी मग आडवी. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. तारखांचं खोटं, वर्षांची वाटणी, सगळं.

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "फाइल ठेवताना बाबांनी वाचलं होतं वरचं. त्याच दिवशी घरी येऊन म्हनले, सरांना काही म्हनू नको. एखांदं वर्ष रिकामं गेलं तं इभागाला तकलीफ व्हईल, आपुन थांबू." घडी तिनं टेबलावर ठेवली. "मीच तवा न्हाई म्हनायला पायजे होतं."

ती स्वतःला दोष देत होती, हे मला सहन झालं नाही. खुर्चीची गोष्ट, पाहुणा म्हणून येण्याची गोष्ट, सगळी मामांनी माझी अडचण सोपी करण्यासाठी काढली होती. माझी चोरी त्यांना ठाऊक होती आणि तीन महिने ते मला रोज नमस्कार घालत होते. मी तिथेच खाली मान घालून रडलो. करुणानं मला पाणी आणून दिलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सातव्या ओळीसोबत व्हायवाचा फोटो जोडायचा असतो, तारीख, वेळ आणि ठिकाण खाली छापून आलेला. तो फोटो माझ्यासमोर आहे. समोर करुणा उभी आहे, मागे माणसं दाटीवाटीनं बसली आहेत आणि तिसऱ्या रांगेत खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे. त्या दिवशी तिच्यावर बसायला कुणी धजलं नव्हतं. मघाशी कय्युम सर येऊन हळूच म्हणाले, एवढा भाग कापून टाका, समितीला उपस्थिती कमी दिसेल. मी कापला नाही.

खाली तारीख आली आहे, आठ जुलै. तिथे मार्चची तारीख हवी होती. मार्चमध्ये मामा नेहमीसारखे ट्रे घेऊन दारात उभे राहिले असते, आणि मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, मामा, तो ट्रे ठेवा खाली, आत येऊन बसा.