वेशीवरचा राक्षस

कोरीनने राक्षसासाठी टाकलेला वीस बाजूंचा फासा केकच्या डब्याच्या झाकणात गिरक्या घेत वीसवर थांबला. तिने मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली. राक्षसाचा घाव बसला होता, तोही सगळ्यांत जबर.

"मेले ना मी?" बेव्हने विचारलं. "सरळ सांग."

"बेशुद्ध आहेस. मेली नाहीस अजून."

"केवढे गं उपकार!" बेव्हने नकाशावरची आपली बाहुली आडवी केली आणि तळलेल्या चीजची ताटली पुढ्यात ओढली.

हा राक्षस कोरीनने सहा जणांना पुरून उरेल असा घडवला होता. उन्हाळा सरल्यापासून ती त्याच्यावरच खपत होती. आणि आज टेबलाशी होते तिघेच. बाकीचे तिघे नारिंगी जाकिटं चढवून पहाटेच रानातल्या मचाणांवर जाऊन बसले होते. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये कुणी लग्नसुद्धा ठरवत नाही. कोरीनने नेमकी त्याच दिवशी महालढाई ठेवली होती. "जन्म इथलाच ना गं तुझा?" असं बेव्हने आल्या आल्या विचारून घेतलंच होतं.

खेळ पुढे ढकलता आला असता. पण आज ऑर्विलमामा आला होता. या तळघरात इतकी वर्षं खेळ त्यानेच चालवला. बाकीचे आपापलं एकेक पात्र खेळायचे; भुतं, राक्षस, कपटी राजे, सगळे त्याच्या तोंडून बोलायचे. वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळायला लागले आणि खेळ चालवायची त्याची खुर्ची भाचीकडे, म्हणजे कोरीनकडे, आली. खेळाडू म्हणून एकदा तरी येऊन बस, म्हणून बेव्ह महिनोन्महिने त्याच्या मागे लागली होती. "एकदाच," एवढंच तो म्हणाला होता. त्याने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं पात्र घेतलं, बटण नावाचा एक बुटका चोर. तो आज मेला तर मामा पुन्हा हा जिना उतरणार नाही, हे कोरीनला पक्कं ठाऊक होतं.

"माझा घाव बसला!" लेंग ओरडला. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि बोलायचाही इंजिनाच्या वरताण. "किती लागलं त्याला?"

"जखम झाली. पण आता भरून येतेय."

"म्हणजे मी त्याला मारतोय की त्याची पाठ खाजवतोय?"

फासे सगळ्यांदेखत पडायचे, हा मामाचाच नियम. त्यामुळे लपवाछपवीला वाव नव्हता. राक्षस वळणार कुणाकडे, एवढंच काय ते कोरीनच्या हातात होतं.

"राक्षस लेंगकडे वळतो," ती नकाशाकडे बघत म्हणाली.

मामाने डावा हात वर केला. "का? जवळ तर... मी आहे."

चोरी पकडली गेली होती. ही चलाखी ती त्याच्याकडूनच शिकली होती.

"दया... नको," मामा म्हणाला.

"बरं. तुझ्याकडे वळतो. पण आधी खेळी तुझी."

मामाने फाशाला हात लावला नाही. तो राक्षसाच्या बाहुलीकडे बघत राहिला.

"हा इथं... का उभा?"

"वेस राखतोय. राजाने नेमलंय त्याला."

"राजा कुठाय?"

"मेला. हजार वर्षं झाली."

"मग... बदलीला?"

कोरीनने आपल्या टिपणांवर नजर फिरवली. राक्षसाला तिने ताकद दिली होती, चिलखत दिलं होतं, जखमा भरून येण्याचं वरदान दिलं होतं. हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुणीच आलं नाही बदलीला," ती म्हणाली.

"बटण पुढे जातो. सुरा... खाली ठेवतो. म्हणतो..." शब्द अडला. मदतीला म्हणून लेंगने तोंड उघडलं, तशी बेव्हने टेबलाखालून त्याला सणसणीत लाथ हाणली. सगळे थांबले. मामाच्या कपाळावर घाम आला होता.

"म्हणतो, दमलास तू. मी आलोय. आता... घरी जा."

लेंगने हळूच फासा कोरीनपुढे सरकवला. "फासा टाकायचा का यावर?"

कोरीनने मामाकडे पाहिलं. ती बसली होती त्याच खुर्चीवरून वसंतात त्याला उचलून नेलं होतं. ती त्या खुर्चीत बसली, पण बटण आत्ता जे बोलला ते ती मामाशी कधी बोललीच नाही. 

"फासा नको," ती म्हणाली. "राक्षस कुऱ्हाड खाली ठेवतो. बटणला लवून मुजरा करतो. आणि घरी जातो."

बेव्हने अशी काही आरोळी ठोकली की वर कुत्रं भुंकायला लागलं. लेंगने मामाला खुर्चीसकट मिठी मारली. "अहो, इथं मी मर मर मरून घाव घालतोय, आणि तुम्ही त्याला नुसतं घरी पाठवलंत!"

मामा हसत होता. अर्ध्याच ओठांनी, पण पोटभर.

मग लेंगच्या लक्षात आलं. "थांबा. 'मी आलोय' असा बटणने शब्द दिलाय. म्हणजे पहारा आता त्याचा. त्याला आमच्याबरोबर पुढे येता येणार नाही."

  बटण वाचला होता आणि तरीही मामाचा खेळ संपला होता.

मामा टेबलाला धरून उठला. डाव्या हाताने खुर्ची ओढत, थांबत थांबत, टेबलाला वळसा घालून कोरीनच्या बाजूला आला. लेंग उठायला लागला, तर त्याने नुसत्या नजरेनेच त्याला खाली बसवलं.

"सरक," तो भाचीला म्हणाला.

ती सरकली. तो धपकन बसला, राक्षसाची बाहुली उचलून त्याने बाजूला ठेवली आणि वेशीत बटणला उभं केलं.

"ते तिघं... पुढच्या शनिवारी येतील ना? त्यांनाही वाट... हीच?"

"हीच," कोरीन म्हणाली. "दुसरी नाहीच."

"मग सांग त्यांना." मामाने फासा डाव्या मुठीत घेतला. "जकात लागेल. हरणाचं मांस... ताजं."

कोरीनने केकच्या डब्याचं झाकण, दोघांनाही फासे टाकता येतील असं, दोघांच्या मधोमध ओढून घेतलं.