सेकिगावासानांची सीट

"सीटमधून अजून एक बोटभर काढा," सेकिगावासान म्हणाले.

माझ्या नवऱ्याने, शिगेओने, दातांतून हवा आत ओढली. आमच्या नीइगाताकडे एवढं केलं की समोरच्याने समजून घ्यायचं, हे जमणार नाही. सेकिगावासानांना ते चांगलं समजलं होतं. पण त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे सव्वाआठ झाले होते. ओतारूला जाणारी फेरीबोट दुपारी बाराला सुटते, आणि मोटरसायकलवाल्यांना साडेदहालाच धक्क्यावर रांग लावावी लागते.

"काढणार कुठून?" मी शिलाई मशीनवरूनच ओरडले. "आत पुरण उरलंय का काही?"

सीटमधल्या फोमला आमच्या धंद्यात पुरणच म्हणतात. सीट खाली आणायची तर पुरण काढायचं, उंच करायची तर भरायचं. एकतीस वर्षं आम्ही दोघं हेच करतोय. तो फोम कापतो, घासतो. मी कव्हर शिवते आणि तोंड चालवते. दोघांत एकाने तरी बोलायला नको का?

मी उठून बाकावरच्या उघड्या सीटजवळ गेले. कव्हर सोलून काढलेलं होतं, पिना डबीत पडल्या होत्या. फोमवर बोट दाबलं तर खालचा प्लास्टिकचा पाट लगेच हाताला लागला.

"बघा, दाबून बघा तुम्हीच. यावर तासभर बसलात तर ढुंगण बधिर होईल. ओतारूला उतरून पुढे वाक्कानाई म्हणजे आठ तासांचा रस्ता."

"बधिर झालं तर बरंच. दुखणार नाही," सेकिगावासान हसून म्हणाले. "बसायला दगड असला तरी चालेल हो तोमिएसान. पाय तेवढे टेकायला हवेत."

शहात्तर वर्षांचा माणूस. उभा जन्म घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवण्यात गेला. पन्नास किलोचं धूड खांद्यावर घेऊन हे बर्फातून वर चढायचे, आमच्याही घरी यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही अगडबंब मोटरसायकल घेतली, आणि पहिल्यांदा आमच्याकडे आले ते सीट मऊ करून घ्यायला. तेव्हा शिगेओने त्यांना तीन दिवस निरनिराळ्या फोमवर बसवून पाहिलं होतं. अशी सीट केली होती की उतरावंसं वाटू नये.

मग तीन वर्षांपूर्वी ते म्हणाले, सिग्नलला पाय नीट टेकत नाहीत, एक बोट काढा. मी म्हटलं, काढू की, त्यात काय मोठंसं! पुढच्या वर्षी पुन्हा एक बोट. गेल्या वर्षी आणखी एक. गाडी तीच, माणूस तोच, मग सीट दरवर्षी उंच कशी होते, हे त्यांनीही म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. समोरच्याला अवघड वाटेल असं बोलायचं नाही, हा आम्हा लोकांचा रोगच आहे. मी एवढी तोंडाळ, पण मीही त्यातलीच.

"उतरल्यावर बसने जा ना या वर्षी," मी म्हटलं.

"बसने गेलो होतो मागच्या हिवाळ्यात." त्यांनी हातमोजे बाकावर ठेवले. "फुजिएने मला चहा दिला. 'आपण कुठून आलात?' म्हणाली. निघताना दारापर्यंत आली, वाकून आभार मानले. सख्खी बहीण."

फुजिए त्यांची धाकटी बहीण, वाक्कानाईच्या वृद्धाश्रमात असते. तिला आता चेहरे ओळखू येत नाहीत. पण उन्हाळ्यात खाली गाडीचा आवाज आला की ती खिडकीत येते आणि सगळ्यांना सांगते, दादा आला. वर्षातून एक दिवस या माणसाला सख्खं कुणी असतं, ते त्या आवाजामुळे. आणि तो दिवस हातून जाईल म्हणून ते फोम काढ, फोम काढ करत होते.

"पुढचे कोपरे घासतो," शिगेओ म्हणाला. "मांड्या आत येतील. पाय थोडे जास्त पोचतील."

"बघा! होतं की नाही!" सेकिगावासान लगेच म्हणाले.

ग्राइंडर सुरू झाला. पिवळा भुगा उडायला लागला. मी अंगणात गाडीपाशी गेले, कव्हरचं माप घ्यायचं निमित्त करून. मागे सामान बांधलेलं होतं, वर बांबूच्या पानांत गुंडाळलेल्या सासादांगोची, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांची, जुडी, बहिणीसाठी. मी खाली वाकले. गाडी पडली तर इंजिन वाचवणाऱ्या बाजूच्या दांडीवर नवा काळा रंग दिसला. ब्रशचे फराटे तसेच होते.

"हे कधी झालं?"

ते माझ्या मागेच उभे होते. "भिंतीला घासली."

"भिंतीला की रस्त्याला?"

ते सामानाची दोरी पुन्हा घट्ट करायला लागले.

हा माणूस गाडीसकट पडलाय, उभ्याउभ्या, कुठेतरी सिग्नलला. आणि घरी येऊन त्याने एकट्याने दांडी रंगवलीय. उद्या वाक्कानाईच्या रस्त्यावर, मागून ट्रक येत असताना पडला तर? आणि त्या सीटवर टाके माझे असणार.

नऊ वाजून गेले होते. शिगेओने घासलेला फोम तसाच आणून गाडीवर बसवला. "बसून बघा."

"नुसतं बसून नाही," मी म्हटलं. "स्टँड काढा, सगळ्या सामानासकट गाडी सरळ धरा. मी शंभरपर्यंत मोजते. शंभर झाले तर अर्ध्या तासात कव्हर शिवून देते आणि धक्क्यापर्यंत टाटा करायला येते."

"अगं," शिगेओ म्हणाला.

"तुम्ही मधे बोलू नका. एकतीस वर्षं बोलला नाहीत, आजही नको."

सेकिगावासानांनी हेल्मेट घातलं, हातमोजे घातले. पाय टाकून बसले आणि पायाने स्टँड मागे ढकललं. दोन्ही पाय टेकले होते, टाचांसकट. मला तर वाटलं, जिंकले!

मी मोजायला लागले. वीसपर्यंत काही नाही. तिसाला त्यांनी खांदे सैल केले. पंचेचाळीसला डावा गुडघा थरथरायला लागला. मी आकडे भरभर म्हणायला लागले, खरंच सांगते, मनात म्हणत होते, धरा हो, धरा! अठ्ठावन्न, एकोणसाठ. त्यांचा श्वास हेल्मेटमधून ऐकू येत होता. शिगेओ हळूच डाव्या बाजूला सरकला.

त्रेसष्टला गाडी कलली. शिगेओने खांदा लावला, मी हँडल धरलं, आणि आम्ही दोघांनी ती कशीबशी थोपवली. त्यांचा पाय खाली अडकला नाही एवढंच नशीब. मग शिगेओने पायाने स्टँड लावलं.

ते उतरले. हेल्मेट काढलं. चेहरा घामाने भिजला होता.

"त्रेसष्ट ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घरी चाळीसच्या वर जात नव्हतो," ते म्हणाले. "तुमचे कोपरे घासलेले चांगले झालेत, शिगेओसान."

म्हणजे हे घरी, एकटे, रोज मोजत होते. मला रडूच आलं. आणि तेव्हा माझा मुखदुर्बळ नवरा पुढे झाला, कमरेत वाकला.

"माफ करा, सेकिगावासान. चूक आमची आहे. सीट आज होत नाही. बरंच काम निघालंय. गाडी इथेच राहू दे."

सेकिगावासानांनी हातमोजे काढले. मग तेही वाकले, शिगेओपेक्षा जास्त. "ठीक आहे. नीट होऊ दे," म्हणाले, आणि किल्ली बाकावर ठेवली.

मी त्यांना आमच्या व्हॅनमधून धक्क्यावर सोडलं. मोटरसायकलींची रांग लागली होती. ते तिच्याकडे न बघता पायी जाणाऱ्यांच्या रांगेत गेले. अंगात जाकीट, पायात बूट, हातात सासादांगो, काखेत हेल्मेट. पोरंबाळं घेतलेल्या बायकांमध्ये ते ताठ उभे होते.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, वाक्कानाईहून.

"खिडकीत आली नाही," ते म्हणाले. "आवाजच नव्हता ना. मग मी जिन्यात हेल्मेट घातलं आणि तसाच तिच्या खोलीत गेलो. तिथली बाई घाबरली! फुजिएने जवळ येऊन हेल्मेटला हात लावला. म्हणाली, दादा, गाडी कुठाय?"

"मग?"

"म्हटलं, सीट करायला टाकलीय."

ते हसले, मीही हसले.

"झाली का हो सीट?" त्यांनी विचारलं.

सीट समोरच्या खुंटीवर होती. ज्या दिवशी ते बोटीने निघाले त्याच दुपारी शिगेओने तिच्यात नवं पुरण भरलं होतं, पहिल्या वर्षीइतकं, त्यांचे पाय टेकणारच नाहीत एवढं उंच. मी दुहेरी टाका घालून कव्हर चढवलं होतं. एक पीनसुद्धा मारायची बाकी नव्हती.

"नाही हो," मी म्हटलं. "अजून थोडं राहिलंय."

"बरं," सेकिगावासान म्हणाले. "घाई करू नका."