पाटीवरचा पेला

मित्रांनो, मी एक जुने मातीचे झाकण आहे. मात्र संग्रहालयात बरीच वर्षे माझ्यापुढे ‘पेला’ अशी पाटी होती. हसू नका, खरेच सांगते आहे असे समजा.

एका कुंभारणीने मडके घडवले आणि उरलेल्या मातीतून त्याच्याच मापाने मला. धरायला वर छोटी मूठ, शेजारी वाफेसाठी भोक. मडक्याला उकळी आली की मी थडथड वाजू लागे. मग घरातली सासू आतून सांगे, ‘‘झाकण बोलतंय गं, जाळ कमी कर.’’ सासूसुद्धा माझे ऐकत असे, हे लक्षात घ्या.

पुढे ते गाव मातीखाली गेले. खोदकामात आम्ही दोघे सापडलो, पण लांब लांब. मी सापडले उताणे. संग्रहालयाच्या बाईंनी मला तसेच आधाराच्या एका गोल कड्यावर बसवले आणि पाटीवर लिहिले, ‘विधीचा पेला. छिद्रातून पाण्याची धार सोडत असावेत.’ या ‘असावेत’ने माझी पार वाट लावली. लोक माझ्यापुढे हळू आवाजात बोलत. समोरच्या कपाटात माझे मडके आ वासून बसलेले, आणि मला साधी हाक मारता येईना.

एका सकाळी कळले की मडके दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात कायमचे जाणार. माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी ते बांधायला टेबलावर आणले. शिपाईमामा तेव्हा माझे कपाट पुसत होते. त्यांनी मला उचलले आणि धुतलेला पेला ठेवावा तसे मडक्याशेजारी पालथे घातले.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मला मुठीला धरून उचलले आणि मडक्यावर ठेवले. खट्. अगदी चपखल.

‘‘बाई, म्हणजे आपण झाकणाला पेला म्हणत होतो?’’ मामांनी विचारले.

‘‘आपण नाही हो, मीच. आणि वर धारही सोडली,’’ बाई म्हणाल्या, आणि दोघेही पोट धरून हसले.

आता नव्या शहरात आम्ही एकाच कपाटात आहोत. पाटी आहे, ‘मडके, झाकणासह’. माझे नाव मागून आले, चालेल.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे झाकण कपाटामागे पडले असेल. आज ते शोधा, पुसा आणि त्याच्या डब्यावर बसवा. बसताना ते खट् करील. तेव्हा जरा थांबून ऐका, ते खूश झालेले असते.