तिसरं पान आलंच नाही

मित्रांनो, मी एक जुना पीडीएफ वाचक आहे. वाचक कसला, कोणाची फाइल आली की ती उघडून स्क्रीनवर दाखवायची, एवढंच माझं काम. मुकुटबनच्या बसथांब्याजवळ खेमसिंगभाऊंचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे, तिथल्या संगणकात माझा मुक्काम. सातबारा, गुणपत्रिका, दवाखान्याचे कागद, काय काय म्हणून दाखवलं नाही मी! "किती साफ दिसते," असं कोणी म्हटलं की मला मोठं बरं वाटायचं.

पण माझा स्वभाव जरा हट्टी. फाइल अर्धवट आली की मी अडून बसायचो आणि लाल अक्षरांत सांगायचो, 'ही फाइल पूर्ण आलेली नाही, पुन्हा मागवा.' आता इकडच्या नेटवर्कचा काय भरवसा! दिवसभर माझी लाल पाटी झळकायची आणि रांगेतली माणसं हसायची.

"कायले गिऱ्हाइकासमोर माहं नाक कापतं बे?" म्हणत एक दिवस भाऊंनी सेटिंगमध्ये जाऊन माझा इशाराच बंद करून टाकला. तेव्हापासून जेवढं येईल तेवढं मुकाट्यानं दाखवायचं. भाऊ खूश झाले. मला मात्र धाकधूक लागून राहिली.

आज दुपारी तुळसाबाई आल्या. सोबत त्यांची सून मोनाली, सातव्या महिन्याची गरोदर, चेहरा पांढराफटक. तिच्या रक्ताचा रिपोर्ट लॅबनं भाऊंच्या नंबरवर पाठवला होता. इथल्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी बजावलं होतं, रिपोर्ट चांगला असला तर घरी न्या, नसला तर थेट यवतमाळ गाठा.

फाइल तीन पानांची होती. माझ्यापर्यंत दोनच पोचली. मला कळलं हो, पण बोलायची सोय कुठे होती? मी ती दोन पानं दाखवली, भाऊंनी ती वाचली.

"सगळं नॉर्मल हाय, मावशी."

"पुरं पाह्यलं ना, बापू? पोरीले दम लागून राह्यला."

"पुरं पाह्यलं. बिनघोर जा."

"मंग घरीच नेतो इले."

दोघी झरीकडच्या गाडीत बसल्या. त्यांचं गाव जंगलात, तिथं मोबाइलला रेंज नाही.

थोड्या वेळानं नर्सताईंचा फोन आला. लॅबनं त्यांनाही कळवलं होतं. "मोनालीले यवतमाळले धाडलं ना?" भाऊंनी घाईनं फोन ठेवला. त्यांनी फाइल पुन्हा मागवली. या खेपेला तिसरं पान आलं: रक्त फारच कमी, जिवाला धोका, आजच मोठ्या दवाखान्यात भरती करा.

भाऊ मोटरसायकलवर बसून गाडीमागे धावले. शटर ओढलं नाही, फोनसुद्धा टेबलावरच राहिला.

मित्रांनो, 'हे पूर्ण नाही' असं कोणी सांगत असेल तर कंटाळून त्याचं तोंड बंद करू नका. त्याचं ऐका, चार मिनिटं थांबा आणि पुन्हा मागवा. एवढंच माझं मागणं आहे.

आता दिवस कलला आहे. भाऊ अजून परतले नाहीत. टेबलावर नर्सताईंचा फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. आणि मी ते तिसरं पान उघडं ठेवून रिकाम्या दुकानात बसलो आहे.