दुसरी रेघ

विशाखाने हातातली अँटेना उसाच्या कडेने फिरवली. हौसाबाई डुंबरेंच्या घराकडे टोक वळलं, तशी खांद्यावरच्या यंत्रात खरखर उसळली. घराभोवती विजेचा झटका देणारं नवंकोरं तारेचं कुंपण होतं. ओसरीवर त्याची पेटी, पेटीवर लाल दिवा.

"मावशी, हे कुंपण बंद करा. दहा वाजेपर्यंतच."

"डोकं फिरलंय का गं तुझं?" हौसाबाईंनी तीन वर्षांची नात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. "मंगळवारी बिबट्यानं ह्याच ओसरीवरनं शेळी नेली. आता तुझ्या आभाळापायी पोरगी घालवू का?"

घड्याळ थांबत नव्हतं. सात वर्षं विशाखाची रेडिओ दुर्बीण लांब लहरींवर आभाळाचा नकाशा करत होती. एकच पट्टा उरला होता. तो आज सातला उगवणार, आणि उद्यापासून दुर्बीण दुसऱ्यांच्या ताब्यात. बुधवारपासून रोज दिवेलागणीला कुठूनशी खरखर सुरू व्हायची आणि सगळी नोंद नासवायची. असल्या खरखरीचा चोर शोधणं हे विशाखाचं काम. कुंपणही बुधवारचंच.

"मॅडम, ओढ्यापलीकडनं एकदा बघू या," जीपचे तात्या म्हणाले. "दोन जागांवरनं रेघ धरायची, जिथं कापतील तिथं चोर. तुम्हीच शिकवलंय."

"सव्वासहा झालेत, तात्या. रेघ सरळ ह्या दारात येतेय, दिसत नाही का?"

विशाखाने यंत्र बंद करून जीपमध्ये टाकलं आणि हात जोडले. "मावशी, पाया पडते. जबाबदारी माझी."

"तुझी जबाबदारी घेऊन मी काय चाटू?" हौसाबाई फणकारल्या. मग पेटीशी जाऊन त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा विझला. "जा. तोंड नको दाखवू."

वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. ओढा ओलांडून चढावर येताच विशाखाने नियंत्रण कक्षात फोन लावला.

"अन्वर, गेली ना खरखर?"

"कुठली गेली? आहे तश्शी आहे!"

तिने धडपडत यंत्र पुन्हा सुरू केलं, अँटेना फिरवली. दुसरी रेघ हौसाबाईंच्या घराला शिवलीसुद्धा नाही. पहिलीला ती कापत होती घराच्या बरीच मागे, दुर्बिणीच्याच एका डिशच्या पायथ्याशी. तिथे राखणदाराची चौकी होती, आणि चौकीवर पांढराफेक एलईडी दिवा; असले दिवेही खरखर पसरवतात. शेळी गेल्यावर राखणदार घाबरला म्हणून बुधवारी विशाखानेच सही करून बसवून घेतलेला.

"तरी मी म्हणत होतो," तात्या पुटपुटले.

"अन्वर, चौकीला आतल्या फोनवर सांग. नवा दिवा बंद. आत्ताच्या आत्ता!"

पलीकडून चौकीला दिलेला निरोप ऐकू आला. मग अन्वर ओरडलाच, "गेली! घासलेल्या ताटासारखं लख्ख झालंय सगळं! सातला दहा कमी आहेत, जिंकलो आपण!"

विशाखाला विझलेला लाल दिवा आठवला होता.

"तात्या, मागं फिरवा. पळवा जीप!"

अंधारून आलं होतं. वाऱ्याने ऊस सळसळला तरी ती दचकून वळून बघत होती. जीप थांबायच्या आत तिने उडी टाकली. पेटीवर लाल दिवा दिसत नव्हता. दार सताड उघडं, आणि ओसरीच्या पायरीवर पोरगी एकटीच भाकरी चावत बसलेली. हौसाबाई कुठेच नाहीत.

"घरात जा, बाळा! आत जा!" विशाखा ओरडली आणि तार उचलून आत शिरायला गेली.

सणकन हिसका बसला. ती मागे फेकली गेली आणि मातीत बसली.

"अगं अगं, मरशील!" हौसाबाई कोयता घेऊन घराआडून धावत आल्या. "चालू हाय ते!"

"चालू? कधी केलंत?"

"तुझी जीप वळली तवाच. लाल दिव्यावर फडकं टाकलंय, परत आलीस तर दिसू नये म्हणून." त्या जराही ओशाळल्या नाहीत. "झालं का तुझं काम?"

"झालं."

"मग माझ्या कुंपणानं काय घोडं मारलं होतं तुझ्या आभाळाचं?"

"काही नाही, मावशी," झिणझिणता हात उराशी धरून विशाखा म्हणाली. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीत." आणि तिथेच मातीत बसून ती हमसून हमसून रडायला लागली.