गुळाची तुला

पौषातली कोवळी सकाळ होती. नदीकाठचं शुभ्र, शिथिल, स्वप्नाळू धुकं उसाच्या तुऱ्यांवर रेंगाळत होतं. गुऱ्हाळाचा धूर निळ्या आकाशात सरळ चढत होता, आणि उकळत्या रसाच्या दाट, मधुर गंधानं अवघं शिवार धुंदावलं होतं. अशा सकाळी कुणाच्या मनात अभद्र यावं? कुणाच्याच आलं नाही.

देवीच्या अंगणात मोठा तराजू टांगला होता. अनुसयेचा नवस आज फिटायचा होता. तिची लेक पोटभर जेवू लागली, तर तिच्या भाराइतका गूळ गावाला वाटीन, असं ती देवीला बोलली होती.

लेक रेणू, नऊ वर्षांची, स्वमग्न. मेघवर्णा, मौनमग्ना, शब्दांच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरणारी पोर. दूधभाताखेरीज कशालाही शिवायची नाही. पुढं पुढं ती स्वतःचेच हात चावू लागली, भिंतीवर कपाळ आपटू लागली. रक्त निघायचं आणि बघणाऱ्याचं काळीज फाटायचं. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली.

आणि काय सांगू महाराजा! महिन्याभरात ते हात शांत झाले, ते कपाळ शांत झालं. रेणू झोपू लागली. रेणू जेवू लागली! एक भाकरी, दोन भाकरी, तीन भाकरी, वर आमटीचं वाडगं. अनुसया थापत राहिली, हसत राहिली, पदराला डोळे पुसत राहिली. दर तीन महिन्यांनी वजन आणि रक्त तपासायला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सुखानं जेवणाऱ्या पोरीला सुई कशाला टोचायची, म्हणून ते राहूनच गेलं.

रेणूला पारड्यात बसवलं. अंगात लालभडक परकर-पोलकं, केसांत पिवळीधमक शेवंती. तिचा बाप रंगराव गुऱ्हाळावर गुळव्या होता. दहा-दहा किलोच्या सोनेरी ढेपा त्यानं स्वतःच्या हातांनी ओतून आणल्या होत्या. गोळी सुरू झाली तेव्हा रेणू एकवीस किलोंची होती. आता थोडी वाढली असेल म्हणून तो तीन ढेपा घेऊन निघाला होता, आणि वाटायला हाताशी असावी म्हणून चौथी.

पहिली ढेप ठेवली. दुसरी ठेवली. पारडं जागचं हललं नाही.

तिसरी ठेवली. तरीही हललं नाही.

"अगं बया! काय बाळसं धरलंय पोरीनं!" बाया ओरडल्या. "दृष्ट काढ गं अनुसये!" हलगी कडाडली. रंगरावानं चौथी ढेप फोडली, खडा खडा करून चार किलो टाकला, तेव्हा कुठं काटा मधे आला.

चौतीस किलो. आठ महिन्यांत तेरा किलो.

अनुसयेचं हसू ओठांवरच थिजलं. रोज डोळ्यांसमोर असलेली लेक तिनं आज पहिल्यांदा पाहिली. पोलक्याची उसवलेली शिवण, फुगलेले गाल, चार पावलांत लागणारी धाप. हे सगळं ती बाळसं समजून मिरवत होती.

गर्दीतून पद्माताई पुढं आल्या. त्या गावच्या आशा सेविका, घरोघर फिरून तब्येती विचारणाऱ्या. त्यांनी शेवंती बाजूला करून रेणूची मान पाहिली. मानेवर काळीशार, जाडसर, मखमली रेघ उमटली होती.

"मळ हाय ओ ताई," अनुसया ओशाळून म्हणाली. "सकाळी डाळीच्या पिठानं घासघासून धुतली, तरी निघंना."

"मळ नव्हे गं तो. आत साखरेचं गणित बिघडायला लागलं की मान अशी काळी पडते. या गोळीनं भूक वाढते, वजन वाढतं. रक्त कधी तपासलंस?"

 घासून घासून लाल केलेल्या त्या कोवळ्या कातडीकडं अनुसयेला बघवेना.

"मग गोळी बंद! आजच बंद करते!"

"खुळी का काय तू? एकदम बंद केलीस तर पोर पुन्हा कपाळ फोडून घेईल." पद्माताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उत्तर थोडक्यात आलं. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा. गोळी कमी करायची की बदलायची, ते रक्त पाहून ठरवू. तोवर मनानं बंद करू नका. आणि गोडधोड आजपासून नको.

हलगी थांबली. माणसं चुळबुळत उभी राहिली. रंगराव ढेपांकडं बघत मटकन खाली बसला.

एवढ्यात रेणूनं पारड्यातून वाकून गुळाचा एक खडा उचलला. ओठांशी नेला. अनुसया धावली आणि तिनं तो हिसकावून घेतला. होय, हिसकावून! एकेका घासासाठी लेकीच्या पाठी घरभर फिरलेल्या आईनं लेकीच्या तोंडचा घास काढून घेतला.

रेणू रडली नाही, ओरडली नाही. आईची मिटलेली मूठ तिनं दोन्ही हातांत धरली.

"भूक," ती म्हणाली.

ती भूक तिची नव्हती, आणि तरी तिचीच होती. पोटात पेटलेली, अथांग, अनावर. हे तिला कोण समजावणार?

"नगं गं माझ्या बाई," अनुसया म्हणाली. "नगं."

रेणू मान खाली घालून, निवांतपणे, आईचं एकेक बोट उघडू लागली. करंगळी उघडली. अनामिका उघडली. आणि अनुसया ती पुन्हा मिटत राहिली.