आल्विझे बसायचा ते पिंप

मित्रांनो, मी व्हेनिसच्या खाजणातले एक जुने लाकडी पिंप आहे. दारू किंवा खारवलेले मासे माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. माझ्यात माणूस बसतो. उथळ पाण्यात, चिखलात मला गळ्यापर्यंत पुरले आहे. काठावर लव्हाळी खोवली की आतल्या शिकाऱ्याला बदके दिसतात, बदकांना तो दिसत नाही.

आल्विझेने मला विकत घेतले तेव्हा त्याची लेक इर्मा पाळण्यात होती. दर हिवाळ्यात तो आणि त्याचा मेहुणा ओरेस्ते शिकारीला येत. ओरेस्तेचे पिंप हाकेच्या अंतरावर होते.

"अहो दाजी, बदकं वर आहेत! पाण्याला कशाला गोळ्या घालताय?"

"तुझ्यासाठी पिसं तरी ठेवलीत ना? गोळा कर!"

दुपारी मोठी झालेली इर्मा होडीतून कांद्यातले मासे घेऊन येई. हंगाम संपला की आल्विझे मला स्वतः डांबर लावी. असे सुखाचे दिवस होते.

त्या सकाळी धुके दाट होते. पहिला थवा आला. आल्विझेने बंदूक उचलली, पण बार काढला नाही. छातीवर हात धरून तो खाली बसला.

"दाजी, झोपलात का?" ओरेस्ते ओरडला.

आल्विझेचे ओठ हलले, आवाज फुटेना. मग त्याने बोटांच्या पेरांनी माझ्या फळीवर ठोठावले. पुन्हा ठोठावले. धुक्याने तो आवाज गिळला.

"घोरणं इथवर ऐकू येतंय हं!" ओरेस्ते हसला.

दुसरा थवा माझ्या काठाला अंग घासत पोहू लागला. ओरेस्तेने चार बदके टिपली. दाजी रुसले, असे त्याला वाटले. इर्मा जेवण घेऊन आली, तेव्हा आल्विझेचे हात गार पडले होते.

नंतर माझ्यात कोणी बसेना. या पिंपातून उसासे येतात, असे लोक म्हणत. तो काठावरचा वारा असतो, मित्रांनो. पण वारा नसतानाही माझ्या तळाला त्याच्या बुटांचा भार जाणवतो. ते मला उलगडत नाही.

तिसऱ्या वर्षी इर्मा आली आणि माझ्यात उतरली. शेजारी होडीत ओरेस्ते मान खाली घालून बसला होता.

"मी थट्टा करत बसलो गं, इर्मे. तेव्हाच आलो असतो तर?"

"मामा, डॉक्टर म्हणाले ना, एका क्षणात गेले. बाबांना काही कळलंसुद्धा नाही."

म्हातारा हमसून रडला, मग कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. तो क्षण केवढा लांब होता, हे माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. जीभ असती, तरी मी सांगितले असते का?

आता माझ्या फळ्या सुटत आहेत. डांबर कोणी लावत नाही, त्याचे दुःख नाही. मागणे एवढेच आहे. सोबतीचा माणूस अचानक गप्प झाला, तर आकाशात कितीही मोठा थवा असो, होडी वळवा आणि त्याच्याजवळ जा. तो नुसताच डुलकी घेत असेल आणि तुम्हाला हसेल. हसू द्या.